अंगठ्याखालचा आवाज

डोळा लागतो म्हणेपर्यंत मान छातीवर पडते आणि अनसाबाई दचकून पुन्हा सरळ बसते. तीनदा असं झालंय. चौथ्या वेळी ती मागच्या भिंतीला डोकं टेकवते आणि मनाशी म्हणते, झोपायचं न्हाई, नुसतं टेकायचं. असं म्हणणारं माणूस झोपतंच, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

दुपारची वेळ आहे. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या बाजूची ही इमारत. इथं आजारी माणसं येत नाहीत, त्यांच्या अंगातून काढलेलं काय काय तेवढं येतं. बरणीत, डबीत, काचेवर. पाण्यासारखं दिसणारं कसलंसं औषध सगळीकडे वापरतात, त्याच्या वासानं डोळे चुरचुरतात आणि कोण रडतंय, कोण नुसतंच बसलंय, ते कळत नाही. अनसाबाईचं दोन्ही चाललंय. ती नवऱ्याचा गळा परत न्यायला आलीय.

दचकू नका. सांगते.

तातोबा खराडे म्हणजे सांगलीच्या हळदीच्या पेठेत आधी पोती उचललेला आणि मग सौदा पुकारणारा. तोंडात तंबाखूची गोळी, वर विडी, आणि आवाज असा की या टोकाला पुकारलं तर त्या टोकाचा हमाल पोतं खाली ठेवून ऐकायचा. तो आवाज एके दिवशी बसला तो उठेचना. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, देवाला नारळ झाला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं, आवाजाची पेटीच काढायला लागेल, तरच माणूस वाचेल. काढली. मानेला पुढून श्वास घ्यायला भोक ठेवलं आणि आत एक इवलीशी झडप बसवली. भोकावर अंगठा दाबला की श्वास झडपेतून वर जातो आणि माणूस बोलतो. घोगरं बोलतो, पण बोलतो.

आता हा अंगठा ज्याचा त्यानं लावायचा असतो. दवाखान्यात शिकवतात तसं. पण तातोबाला जन्मभर दोन्ही हात हवेत उडवून बोलायची खोड! एक हात गळ्याला गुंतला की त्याची बुद्धीच अडायची. मग अनसाबाई साबणानं हात धुऊन शेजारी बसायची आणि स्वतःचा अंगठा त्याच्या गळ्याला लावायची. की मग हे बाबा मोकळे, दोन्ही हात नाचवत गावभरच्या गोष्टी सांगायला. भावकीत हसायचे. म्हणायचे, तातोबा बोलतोय का अनसा बोलवतीय? आणि भांडण जुंपलं की ही सरळ अंगठा काढून घ्यायची. ऐन शिवीत! तातोबाचं तोंड वासलेलं, हात वरच, आणि आवाज नुसता फुस्स. मग त्याचं त्यालाच हसू फुटायचं, तेही बिनआवाजाचं. ते हसू ऐकायला म्हणून ही पुन्हा अंगठा लावायची.

दुखणं पुढं फुप्फुसात उतरलं आणि तातोबा गेला. जाळून आले. बायका भोवती बसल्या होत्या, तेव्हा त्याची आत्या, जिची जीभ कात्रीसारखी, ती म्हणाली, "अगं, नरड्याबिगर जाळला की गं त्याला. आता वर गेल्यावर आपलं नाव तरी कसा सांगंल त्यो?"

बास. तेवढं एक वाक्य अनसाबाईच्या काळजात जे रुतलं ते निघेना. घास घशाखाली उतरेना. उद्या अस्थी नदीत सोडायच्या आहेत आणि ही हटून बसलीय, गळा आणा, त्याच्याबरोबर सोडू, नाहीतर मी अस्थींना हात लावू देणार नाही. मुलगा उत्तम समजावून थकला. शेवटी आज सकाळी घेऊन आला तिला इथं.

इथं भेटली ती डॉक्टर तरन्नुम मुजावर. मिरजेची पोर, लहान चणीची, डोळ्यांखाली काळं. गळ्याच्या कर्करोगावर तिचं संशोधन चाललंय. तिनं अनसाबाईचा हात हातात घेऊन सगळं नीट सांगितलं. "मावशी, तात्यांनीच सही करून दिला होता हो अभ्यासाला. आम्ही तो मेणात बसवतो आणि वरपासून खालपर्यंत पातळ पातळ चकत्या काढून काचेवर घेतो. मग कळतं की रोग आतून कसा कसा सरकत गेला. ते नीट कळलं, तर पुढच्या एखाद्याचा आख्खा गळा काढायला नको. अर्धा वाचवता येईल. तो स्वतःच्या आवाजात बोलेल."

"आन् यांचा?"

"तात्यांच्या वरच्या भागाच्या चकत्या झाल्यात. मधला अजून मेणात आहे. खरं तर तोच महत्त्वाचा, रोग तिथूनच पलीकडे गेलाय." मग तिनं अनसाबाईचा हात दाबला. "पण तो तुमचा आहे. आमच्या मोठ्या मॅडम जेवायला गेल्यात, त्या आल्या की मी विचारते. त्या हो म्हणाल्या आणि तुम्हाला हवाच असला, तर देईन मी. खरंच देईन."

असं म्हणून ती आत गेली. उत्तम खाली चहाला गेला. आणि अनसाबाई टेकली.

पंखा फिरतोय. त्याचं एक पातं कुठंतरी घासतंय, खर्र, खर्र, खर्र. त्या खर्रखर्रीत कुणीतरी खोकतं. तो खोकला अनसाबाई हजार माणसांत ओळखेल, तोंडातून न येता गळ्यातून येणारा. समोरचं दार उघडतं आणि तातोबा बाहेर येतो. पायजमा, सदरा, गळ्याभोवती तोच निळ्या काठाचा पंचा. येऊन शेजारी बसतो. बाक त्याच्या वजनानं थोडा दबतो.

तो तोंड हलवतो. आवाज नाही.

"थांबा, थांबा," ती म्हणते, "हात धुतलं न्हाईत माजं."

ती उठते. दवाखान्याच्या त्या मजल्यावर, जिना उतरतो तिथंच, तिच्या घरातली मोरी आहे. तोच तांब्या, तीच साबणाची झिजलेली वडी. ती हात धुते, पदराला पुसते आणि येऊन अंगठा त्याच्या गळ्याला लावते. भोक गरम आहे. खालून श्वासाचा दाब येतो, मेलेल्या माणसाच्या श्वासाचा, आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही.

"त्या पोरीला उपाशी ठिवलीस व्हय?" तातोबा म्हणतो. "तुज्यापायी जेवली न्हाई ती. डबा तसाच हाय आत."

इतक्या दिवसांनी भेटला आणि हे बोलला! अनसाबाईला भडभडून येतं. "माजं इचारा की आधी! मी कधी जेवली, ते इचारा."

"तुजं दिसतंय की. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालीस."

"घर खायला उठतंय. तुमी बोलत न्हाईसा, कुनी बोलत न्हाई. अंगठा धुवून बसतीय मी सांजच्याला, सवय हाय म्हणून. धुवून बसतीय आन् मग कळतंय."

तातोबाचे दोन्ही हात हवेत उठतात, काहीतरी मोठं सांगायला उठतात तसे, आणि तसेच परत मांडीवर येतात. "चल," तो म्हणतो. "दावतो तुला."

ती अंगठा न काढता त्याच्या बाजूनं चालते. असं चालायची सवय आहे तिला, थोडं तिरकं, त्याच्या खांद्याला खांदा लावून. दोन पावलं टाकली न टाकली तोच ते आत खोलीत आहेत, आणि खोलीच्या खिडक्यांवर काचा उभ्या लावल्यात. प्रत्येक काचेवर एक चकती. गुलाबी, जांभळी, कांद्याच्या चकतीसारखी एकात एक कडी. उन्हात ती चमकतेय.

"हे मी," तातोबा म्हणतो. आणि काय सांगू, त्याच्या त्या घोगऱ्या आवाजात चक्क तोरा आहे! "बघ. हितं वरचा पडदा. ह्या दोन वळ्या, ह्याच हलायच्या पुकारताना. आन् ह्यो गडद जांभळा ठिपका दिसतोय? त्यो हितनं शिरला. बाहेरनं डॉक्टरला दिसलाच न्हवता, लबाड आतल्या आत गेलता. पोरीनं हुडकला त्याला. रोज बघती. माज्याकडं असं टक लावून तूबी कधी बघितलं न्हाईस."

"चावटपणा करू नका." तिला हसू येतं आणि हसताना रडू येतं. "मला सांगा, ह्यो गळा लागतोय का न्हाई तुमाला? आत्याबाई म्हनल्या, नरड्याबिगर जाळला. वर नाव सांगता यायचं न्हाई. मी न्यायला आलीय. उद्याच्याला अस्थीसंगं सोडते. सांगा, लागतोय ना?"

तातोबा नुसता हात पुढं करून दाखवतो.

काचा ओळीनं उभ्या होत्या, तिथं आता पोती उभी आहेत. पेठ. हळदीचे ढीग छातीइतके उंच, सगळीकडे पिवळा धुरळा. अडते आहेत, व्यापारी आहेत, हमाल आहेत, खच्चून भरलीय पेठ. पण चिटपाखराचाही आवाज नाही. अनसाबाई बघते, तर सगळ्यांची तोंडं हलताहेत. एक म्हातारा अडत्या तिच्यासमोर येऊन कळकळीनं काहीतरी सांगतो, त्याच्या कपाळावरच्या शिरा तटतटल्यात, आणि आवाज नाही. त्याच्या गळ्याला भोक आहे. त्याच्या मागच्याच्याही आहे. हमालाच्या आहे, लुगडं नेसलेल्या एका बाईच्याही आहे. सगळ्यांचे गळे उघडे, आणि त्यातून नुसता वारा.

"अवो, ह्यास्नी सगळ्यास्नी झालंता का तुमचा रोग?"

"न्हाई गं. हितं सगळी अशीच असत्यात." तातोबा हळू बोलतोय आता. "गळा असो नसो, हितं कुनाला बोलाय येत न्हाई. ज्याला अंगठा लावनारं मानूस तिकडं मागं ऱ्हायलं, त्यो गप. आत्याला काय म्हाईत? तिचं आयुष्य बोलन्यात गेलं."

"म्हंजे?"

"म्हंजे माजं नरडं घिऊन आलीस काय आन् आख्खा दवाखाना घिऊन आलीस काय, काय उपेग न्हाई. मला गळा न्हाई लागत, अनसे. तुजा अंगठा लागतोय. त्यो आत्ता हाय म्हणून बोलतोय."

हे ऐकलं आणि अनसाबाईच्या अंगातून कळ गेली. पण कळ गेली ती दुःखाची नव्हे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाट दिसली. वेडी बाई! तिचा चेहरा कसा उजळला, ते तुम्ही बघायला हवं होतं.

"मग सोपंच झालं की," ती म्हणते. "मी हितंच ऱ्हाते."

"काय बोलतीस?"

"अवो, अवघड काय हाय त्यात? तिकडं घरी काय ठिवलंय माजं? उत्तम त्याच्या संसाराला लागला. सून चांगली हाय. मी जेवत न्हाईच हाय, आनखी थोडं दिस न्हाई जेवायची. असाच अंगठा लावून बसते तुमच्याजवळ. तुमी बोला, दोन्ही हात हलवून बोला. हळदीचा दर सांगा, शिव्या द्या मला. मी काडायची न्हाई अंगठा. भांडान झालं तरी काडायची न्हाई. आईशप्पत काडायची न्हाई."

"अनसे, उठ."

"उठत न्हाई."

"पोरगी आतनं यील. तुला इचारंल. तवा तू हितं असून चालायचं न्हाई."

"इचारू दे. ठिवू दे तिला नरडं, मला काय करायचंय आता? मला घ्या तुमच्यात. अवो, मी पाया पडते. मला एकलीला न्हाई ऱ्हावत. सांच्याला दिवा लावते तवा जिवाचं कसं हुतंय, ते तुमाला न्हाई कळायचं, तुमी मरून मोकळं झालासा!"

ती हे ओरडून बोलते. सगळी पेठ तिच्याकडे बघते. त्या सगळ्या बिनआवाजाच्या गर्दीत आवाज असलेली ती एकटीच, आणि गर्दी हळूहळू जवळ येते. म्हातारा अडत्या तिच्या हाताकडे बघतोय. लुगड्यातली बाई तिच्या हाताकडे बघतेय. सगळे तिच्या अंगठ्याकडे बघताहेत, उपाशी माणसानं भाकरीकडे बघावं तसे. एकेकानं आपली मान पुढं केलीय.

तातोबा ते बघतो. त्याचा चेहरा पालटतो. सौदा मोडताना व्हायचा तसा होतो, कठीण.

"ऐक," तो म्हणतो, घाईघाईनं. "नीट ऐक, येकदाच सांगतो. पोरीला नरडं दे. दुसऱ्या कुनाच्या बायकूला अंगठा लावायला लागू नये. आन् घरी जाऊन भाकरी खा. वली हळद घालून लोणचं केलंतंस, त्ये बरणीत तसंच हाय, त्ये खा. आन्..."

"आन् काय? आन् काय, बोला की!"

तो तिच्याकडे बघतो. बघतच राहतो. मग त्याचा हात उठतो आणि तिचं मनगट धरतो. ती समजते. इतकी वर्षं ऐन बोलण्यात अंगठा तिनं काढून घेतला होता, त्यानं कधीच नाही, तरी लगेच समजते.

"नगं," ती म्हणते. "नगं, नगं, काडू नका, आन् म्हनून थांबलासा तुमी, पुरं करा की वो..."

तातोबा तिचं मनगट ओढतो. ती जीव खाऊन अंगठा दाबून धरते. तो आणखी जोरानं धरतो. पोती उचललेला हात आहे तो, आजारानं वाळला तरी पोत्यांचा. तिचा अंगठा गळ्यावरून सुटतो, आणि तातोबाचं तोंड हलायला लागतं. तो बोलतोय. दोन्ही हात मोकळे करून भरभर बोलतोय, डोळ्यांत पाणी आलंय, तरी बोलतोय. तोंडातून एक अक्षर बाहेर येत नाही. ती त्याच्या ओठांकडे बघते, पण डोळे भरलेत, काही दिसत नाही. ती पुन्हा हात पुढं करते आणि हात भिंतीवर आदळतो.

"मावशी! मावशी, काय झालं?"

पंखा. खर्र, खर्र. बाक. समोर डॉक्टर तरन्नुम वाकून उभी आहे, एका हातात छोटा पांढरा डबा. अनसाबाईचा गळा बसलाय ओरडून ओरडून, पण पोरगी म्हणते, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत, नुसता हात आपटला भिंतीवर.

"मॅडम हो म्हणाल्या," पोरगी सांगते. तिचा आवाज सरळ आहे, पण डबा तिनं पोटाशी धरलाय. "मेणातला भाग यात आहे. काचाही देते बांधून. तुम्ही म्हणाल तसं, मावशी."

अनसाबाई डब्याकडे बघते. एवढासा डबा. ज्यानं पेठ हलवली, ते एवढ्याशा डब्यात मावलं. तिचा हात डब्याकडे जातो, झाकणावर क्षणभर टेकतो, आणि मग ती तो डबा पोरीच्याच अंगाकडे सारते.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

"नक्की? मावशी, उद्या तुमचं..."

"त्यास्नी न्हाई लागत त्यो." ती पोरीकडे नीट बघते. मग म्हणते, "तू जेवली न्हाईस ना, पोरी? जा, डबा खा आधी."

पोरगी बघतच राहते. आपल्या जेवणाच्या डब्याचं हिला कुणी सांगितलं, ते तिला कळत नाही, आणि विचारायचं धाडसही होत नाही. ती "बरं" म्हणते, डोळे पुसते आणि वळता वळता थांबते. "मावशी, हाताला काय झालं तुमच्या? कुणी धरलं होतं का?"

अनसाबाई खाली बघते. उजव्या मनगटावर बोटं उमटलीत. एका बाजूला चार, आडवी, लालभडक, आणि दुसऱ्या बाजूला एक जाड अंगठा. इतकी ताजी की मधली कातडी अजून पांढरी आहे.

ती मनगटावर पदर ओढते. पोरगी आत जाते.

बाकावर एकटी राहिल्यावर अनसाबाई मनगट उजेडात धरते. आणि तिच्या डोळ्यांदेखत करंगळीची खूण फिकी होते. मग तिच्या शेजारची. रक्त परत यायला लागलंय, कातडी आपली आपली पूर्ववत होतेय, जसं काही झालंच नव्हतं. "नगं," ती पुटपुटते, "इतक्यात नगं," आणि डाव्या हातानं मनगट धरते, त्याच्या बोटांच्या जागी आपली बोटं बसवायला बघते, म्हणजे खुणा राहतील. पण तातोबाचा पंजा केवढा आणि हिचा केवढा! तिची बोटं त्या खुणांपर्यंत पोचत नाहीत. ती एक बोट ओढून नेते तर दुसरं सुटतं. दुसरं नेते तर पहिलं सुटतं.

जिन्यातून उत्तमची हाक येते. "आई, रिक्षा थांबलीय. चल की."

"थांब रं जरा," ती म्हणते, आणि मनगट आणखी घट्ट दाबते.